‘शक्यता आहे’ म्हणजे शंभरात किती?

पावसाळ्यात भोपाळच्या हवामान केंद्रातून रोज पत्रक निघतं. हे केंद्र नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या अखत्यारीत येतं. १९५६ साली मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, तिच्या मागोमाग कितीतरी मराठी बिऱ्हाडं गेली, पण आभाळाचा कारभार नागपूरकडेच राहिला. पत्रकात आकड्यांपेक्षा शब्दांची गर्दी जास्त. ‘कहीं-कहीं’, ‘कुछ स्थानों पर’, ‘अनेक स्थानों पर’, ‘अधिकांश स्थानों पर’. मराठी पत्रकात हेच ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’, ‘बहुतांश ठिकाणी’ होतं. ऐकणाऱ्याला हे बोलाचालीतले सैलसर शब्द वाटतात, हवामान खात्याच्या लेखी मात्र ते माप आहेत. विभागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस नोंदला जाईल असं वाटलं तर ‘तुरळक’, २६ ते ५० टक्के केंद्रांवर ‘काही’, ५१ ते ७५ टक्क्यांवर ‘बऱ्याच’ आणि त्याच्या वर ‘बहुतांश’. ‘जोरदार’लाही माप आहे: चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे.

याच खात्याच्या पत्रकांच्या तळाशी शक्यतेचाही एक तक्ता असतो. ‘अनलाइकली’ म्हणजे २५ टक्क्यांहून कमी, ‘लाइकली’ २५ ते ५०, ‘व्हेरी लाइकली’ ५० ते ७५, ‘मोस्ट लाइकली’ ७५ च्या वर. आता हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीचा, म्हणजे आयपीसीसीचा, अहवाल उघडा. तिथे ‘लाइकली’ ६६ टक्क्यांपासून सुरू होतं आणि ‘व्हेरी लाइकली’ ९० पासून. म्हणजे भोपाळच्या पत्रकात जो पाऊस ‘लाइकली’ आहे, तो न येण्याचंच पारडं जड आहे, आणि आयपीसीसी ज्याला ‘लाइकली’ म्हणते ते निदान दोन तृतीयांश पक्कं आहे. दोन्ही संस्था आभाळाबद्दलच बोलतात, दोघींनी शब्दांचे अर्थ आकड्यांत रीतसर छापलेले आहेत, आणि तरी एकाच शब्दाच्या दोन पट्ट्या एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत. मराठी बातमीत येईपर्यंत दोन्हींचं ‘शक्यता’ झालेलं असतं, ते वेगळंच. आपल्या पंचांगात नक्षत्राचं वाहन हत्ती, म्हैस किंवा बेडूक असलं की भरपूर पाऊस, असा संकेत आहे. भरपूर म्हणजे किती, हे पंचांगकर्ते सांगत नाहीत आणि शेतकरीही विचारत नाही. दोघांनाही ठाऊक असतं की ‘भरपूर’ सोलापूरचं वेगळं, सावंतवाडीचं वेगळं.

या शब्दांचा रीतसर अभ्यास गेली ऐंशी वर्षं चालू आहे. सुरुवात भाबडी होती. १९४४ साली अमेरिकेत रे सिम्पसन यांनी विद्यार्थ्यांपुढे ‘नेहमी’, ‘वरचेवर’, ‘कधीकधी’, ‘क्वचित’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची यादी ठेवली आणि प्रत्येक शब्द म्हणजे शंभरात किती वेळा, असं विचारलं. १९६८ साली मिल्टन हॅकेल यांनी तोच खेळ पुन्हा मांडला. चोवीस वर्षांनी सरासरी जवळपास तिथेच आली, तेव्हा शब्दांना पक्के अर्थ आहेत असं वाटायला जागा होती. पण सरासरीखाली पाहिलं की एकाचं ‘वरचेवर’ दुसऱ्याच्या ‘कधीकधी’ला मागे टाकायच्या ऐवजी त्याच्याही खाली जाऊन बसलेलं. आणि मुख्य म्हणजे दोघांनीही शब्द सुटे विचारले होते. काय वरचेवर होतं, कुठे, कोण सांगतंय, यातलं काहीच नाही. बोलण्यात असा सुटा शब्द कधी येत नाही.

या विषयातला सर्वांत गाजलेला प्रसंग मात्र हेरखात्यातला आहे. १९५१ साली सोव्हिएत गोटाकडून युगोस्लाव्हियावर हल्ला होईल का, याचा अंदाज अमेरिकी गुप्तहेर संघटनेने लिहिला. हल्ल्याची शक्यता गंभीरपणे धरावी, असा त्याचा सूर होता. परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्याने अंदाज लिहिणाऱ्या चमूतले शेर्मन केंट यांना सहज विचारलं, म्हणजे साधारण किती? केंट म्हणाले, ६५ ला ३५. अधिकारी चपापला, त्याने वाचताना फार कमी धरलं होतं. केंटनी मग आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं. मसुदा सगळ्यांनी मिळून मंजूर केलेला. उत्तरं आली २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत. ज्या वाक्यावर सगळे एकमताने माना डोलावून उठले होते, ते एकमत फक्त शब्दावर होतं. मोघम शब्दांचा हा गुण मराठी माणसाला नवा नाही. संस्थेच्या वार्षिक सभेत ‘शक्यतो लवकर’ असा ठराव पास होतो तो याच जोरावर.

खरी कलाटणी मिळाली ती सत्तरीच्या दशकात, संशोधकांनी शब्दाला वाक्यात बसवून विचारायला सुरुवात केली तेव्हा. पेपर आणि प्रिटुलक यांच्या १९७४ च्या निबंधाचं शीर्षकच असं होतं की कधीकधी ‘वारंवार’चा अर्थ ‘क्वचित’ होतो. मुळात विरळ असलेल्या, विमान-अपघातासारख्या गोष्टीला ‘वारंवार’ लावलं तर लोक आकडा खाली ओढतात, रोज घडणाऱ्या गोष्टीला लावलं तर वर नेतात. १९८६ साली वॉलस्टेन, फिलेनबॉम आणि कॉक्स यांनी हेच शक्यतेच्या शब्दांबाबत दाखवलं. नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात ‘बर्फ पडण्याचा संभव आहे’ हे वाक्य डिसेंबरचं असेल तर लोक एक आकडा सांगत, ऑक्टोबरचं असेल तर त्याहून कमी. शब्द तोच. ऐकणाऱ्याच्या मनात त्या गोष्टीचा जो मूळ दर असतो त्यावर शब्द टेकून उभा राहतो.

भोपाळमध्ये हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. मोठ्या तलावाची पूर्ण भरण्याची पातळी १६६६.८० फूट. ती गाठली की भदभदा धरणाची दारं उघडतात आणि अर्धं शहर पाणी बघायला जातं. पातळी आज किती, हे स्थानिक वर्तमानपत्रं पावसाळाभर छापतात. आता ‘या आठवड्यात दारं बहुतेक उघडतील’ हे वाक्य घ्या. जूनच्या अखेरीला, तळं अजून कित्येक फूट खाली असताना कुणी हे बोललं तर ऐकणारा हसून सोडून देईल किंवा फार तर दहात दोन धरेल. ऑगस्टच्या मध्यावर, पाणी फूटभर खाली आणि वर सीहोरकडे कोलांस नदी फुगलेली असताना हेच वाक्य आलं तर शेजारीण मुलांना तयार करून ठेवते. पहिल्या खेपेला वाक्य अतिशयोक्ती ठरलं, दुसऱ्या खेपेला जवळजवळ बातमी. इथे शब्दाने काही सांगितलं त्यापेक्षा जास्त त्या पेपरातल्या आकड्याने सांगितलं होतं.

मूळ दराच्या जोडीला दुसरी गोष्ट आहे घटनेची गंभीरता. वेबर आणि हिल्टन यांनी १९९० साली दाखवलं की आजार जितका गंभीर तितका त्याच्यापुढे लावलेला ‘शक्यता’ हा शब्द लोक वर वाचतात. का, यावर बराच काथ्याकूट झाला. मला सर्वांत पटणारं उत्तर बोनफों आणि व्हिलजुबेर यांनी २००६ मध्ये दिलं. डॉक्टर रुग्णाला सांगतात, बहिरेपण येण्याची शक्यता आहे. दुसऱ्याला सांगतात, झोप न येण्याची शक्यता आहे. पहिला रुग्ण आकडा जास्त धरतो, कारण त्याला वाटतं की डॉक्टरांना याहून जास्त ठाऊक आहे आणि ते फक्त हळुवारपणे सांगतायत. शब्दातला संदिग्धपणा इथे अज्ञानाचा न वाटता भिडेचा वाटतो. आपल्याकडच्या दवाखान्यात हे रोज घडतं. ‘जरा तपासून घेऊ या, काही असेलच असं नाही’ असं डॉक्टरांनी म्हटलं की बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांची गणितं लगेच सुरू होतात: ‘असेलच असं नाही’ म्हणाले, म्हणजे असणार. डॉक्टर खरोखरच साशंक असतील, ही शक्यता कुणी धरतच नाही.

तिसरी गोष्ट शब्दाच्या तोंडाची दिशा. नॉर्वेचे टायगेन आणि ब्रून यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. ‘गुण येण्याची थोडी शक्यता आहे’ आणि ‘गुण येईलच याची खात्री नाही’ या दोन्ही वाक्यांना लोक साधारण सारखाच आकडा देतात. पण हा उपचार करून पाहावा का, असं विचारलं की पहिल्या वाक्यानंतर बहुतेक जण हो म्हणतात आणि दुसऱ्यानंतर बहुतेक जण नाही. आकडा तोच असला तरी शब्द ऐकणाऱ्याला कुठल्या तरी बाजूला ढकलतो. विक्रेते, वकील आणि लग्न जुळवणारे मध्यस्थ यांना हे कुठल्याही निबंधाशिवाय ठाऊक असतं.

ही सगळी मोजणी इंग्रजीत आणि तिच्या शेजारच्या भाषांत झाली, आणि तिथे शक्यता बरीचशी क्रियाविशेषणांत बसते. मराठीत तशी ती बसत नाही, आणि या विषयावर मराठीत काम करू पाहणाऱ्याने पहिल्यांदा इथे थांबावं. ‘तो पोचला असेल’, ‘तो पोचला असावा’, ‘तो पोचला असणार’. ‘कदाचित’ नाही, ‘बहुधा’ नाही, तरी तीन पायऱ्या आहेत. पहिल्यात नुसता अंदाज, दुसऱ्यात काहीतरी खूण पाहून केलेला तर्क, तिसऱ्यात सांगणारा पैज लावायला तयार. ‘येईलसं वाटतं’, ‘येईल की’, ‘येतोय कसला’ हे आणखी निराळे. आपल्या ‘बहुतेक’मध्ये तर मोजणी आणि अंदाज एकाच घरात राहतात: ‘बहुतेक लोक जेवून गेले’ ही मोजणी, ‘बहुतेक लोक जेवून गेले असतील’ हा अंदाज, आणि दोन्हींतला फरक क्रियापदाच्या शेपटाने केलेला. इंग्रजी यादी भाषांतरित करून मराठी विद्यार्थ्यांना विचारली तर हे सगळं हातातून निसटेल.

भोपाळच्या मराठी घरांत याला हिंदीची जोड मिळते. मराठीत ‘बहुधा येईल’ म्हणजे येण्याचा संभव बराच. हिंदीत ‘बहुधा आता है’ म्हणजे तो वरचेवर येतो. तिसऱ्या पिढीतली मुलं शाळेत दुसरा अर्थ शिकतात आणि आजीकडून पहिला ऐकतात. नागपूरच्या मावशीने ‘दिवाळीला बहुधा येऊ’ म्हटलं की घरातली वडीलधारी माणसं पाहुण्यांची सोय करू लागतात आणि मुलांना वाटतं, या दर दिवाळीला येणार आहेत. विनोद सोडला तरी मुद्दा उरतो: ज्या शब्दांना आकडे बांधायचे ते शब्द एकाच घरात दोन भाषांत दोन कामं करत असतात.

शब्दांना आकडे बांधून टाकावेत ही मागणी तशी जुनी. १९९० साली फ्रेडरिक मोस्टेलर आणि क्लिओ यूट्झ या संख्याशास्त्रज्ञांनी वीस अभ्यासांतून बावन्न शब्दप्रयोगांची सरासरी काढली आणि निदान विज्ञानात तरी असा कोश वापरता येईल असं सुचवलं. त्यावर भाषेच्या अभ्यासकांनी ताशेरे ओढले, अर्थ संदर्भातून येतो तर कोश कशाचा करणार? मला दोन्ही बाजूंनी थोडं म्हणावंसं वाटतं. कोश करता येतो, खात्यांनी केलेही आहेत. पण कोश लिहिणाऱ्याकडे राहतो आणि शब्द वाचणाऱ्याकडे जातो.

याचा धडधडीत पुरावा औषधांच्या चिठ्ठीत सापडतो. युरोपीय आयोगाने १९९८ मध्ये दुष्परिणामांसाठी शब्द ठरवले: ‘कॉमन’ म्हणजे शंभरात एक ते दहा जणांना, ‘रेअर’ म्हणजे दहा हजारांत एक ते दहा. नंतर पीटर नॅप आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये स्टॅटिन गोळ्या घेणाऱ्या रुग्णांना विचारलं. बद्धकोष्ठता ‘कॉमन’ आहे असं वाचलेल्यांनी शक्यता सरासरी ३४ टक्के धरली, आणि स्वादुपिंडाला सूज येणं ‘रेअर’ आहे असं वाचलेल्यांनी १८ टक्के. ज्यांना शब्दाऐवजी आकडा दिला त्यांचे अंदाज अनुक्रमे सुमारे ८ आणि २ टक्क्यांवर आले. आयोगाचा ‘विरळ’ आणि रुग्णाचा ‘विरळ’ यांत शेकडो पटींचं अंतर होतं. आयपीसीसीच्या शब्दांबाबत डेव्हिड बुडेस्कू यांना उलटं दिसलं. समितीला ९० टक्क्यांहून जास्त म्हणायचं असतं तिथे वाचक त्याहून बरंच कमी धरतात, अगदी कोश शेजारी ठेवला तरी. टोकाचे आकडे लोक मधे ओढतात. शब्दाच्या लगेच पुढे, त्याच वाक्यात, आकडा छापला तर मात्र फरक पडतो. तळटीपेतल्या तक्त्याने तो पडत नाही.

आणि आकडा छापला म्हणजे झालं, असंही नाही. ‘उद्या पावसाची ३० टक्के शक्यता’ म्हणजे काय, हे गेर्ड गिगरेन्झर आणि सहकाऱ्यांनी २००५ च्या सुमारास न्यूयॉर्क, ॲमस्टरडॅम, बर्लिन, मिलान आणि अथेन्समध्ये विचारलं. बऱ्याच जणांना वाटलं उद्या ३० टक्के वेळ पाऊस पडेल, काहींना वाटलं ३० टक्के भागात. अशा शंभर दिवसांपैकी तीसेक दिवस पडेल, हा खात्याला अभिप्रेत अर्थ बहुसंख्यांनी फक्त न्यूयॉर्कमध्ये धरला. आपल्याकडे तर ‘तुरळक ठिकाणी’ हे खरोखरच भागाचं माप आहे आणि ‘लाइकली’ हे शक्यतेचं. दोन्ही एका ओळीत आले की ‘तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता’ हे वाक्य तयार होतं, आणि त्यातून छत्री घ्यायची की नाही हे ठरवणं निष्णात माणसालाही जड जावं.

सर्वेक्षणांची कथा थोडक्यात सांगतो, पण ती विसरण्याजोगी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नवऱ्याकडून होणाऱ्या मारहाणीबद्दल विचारताना गेल्या बारा महिन्यांत हे वरचेवर झालं, कधीकधी झालं की झालं नाही, असे पर्याय असतात. ‘वरचेवर’ म्हणजे किती, हे बाई कशावरून ठरवणार? आपल्या आईच्या आयुष्यावरून, शेजारच्या खोलीतून येणाऱ्या आवाजावरून. जिथे मार खाणं रोजचं मानलं जातं तिथे महिन्यातून दोनदा म्हणजे ‘कधीकधी’. जिथे ते अपवाद आहे तिथे तेवढंच ‘वरचेवर’. मग दोन जिल्ह्यांची टक्केवारी शेजारी ठेवून तुलना करायची ती कशाची? नोर्बर्ट श्वार्झ यांनी जर्मनीत १९८५ साली दाखवलं होतं की उत्तरांची पट्टीसुद्धा संदर्भ बनते. दूरचित्रवाणी रोज अडीच तासांहून जास्त पाहतो असं म्हणणारे, खालच्या आकड्यांची पट्टी दिली तेव्हा १६ टक्के निघाले आणि वरच्या आकड्यांची दिली तेव्हा ३७ टक्क्यांवर गेले. प्रेक्षक तसेच, टीव्ही तोच.

हे सगळं वाचून भोपाळकडे परत आलं की एकच शहर आठवतं, १९८४ च्या डिसेंबरातलं. त्या वायुदुर्घटनेवर तांत्रिक बाजूने, कायद्याच्या बाजूने भरपूर लिहिलं गेलंय. शक्यतेच्या शब्दांच्या बाजूने ती वाचली तर निराळंच काही दिसतं.

युनियन कार्बाइडच्या कारखान्यात १९८० पासून मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन तयार होऊ लागलं. १९८१ च्या डिसेंबरात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा जीव घेतला. पुढल्या वर्षी गळतीने कामगार रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग पुन्हा आले. १९८२ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या मूळ कंपनीचं तज्ज्ञ पथक तपासणीला आलं. त्यांच्या अहवालात दोन सूर होते. एकीकडे काही त्रुटींमुळे गंभीर अपघाताचा संभव वाढतो किंवा अपघात झालाच तर त्याचे परिणाम जास्त गंभीर होऊ शकतात, असं म्हटलं होतं. दुसरीकडे तातडीने दुरुस्त करावा असा समोर उभा ठाकलेला धोका आढळला नाही, हेही लिहिलं होतं. वाढतो म्हणजे किती होता आणि किती झाला? ‘समोर उभा ठाकलेला’ म्हणजे आठवड्याभरात की वर्षभरात? ज्याला खर्च करायचा नव्हता त्याने दुसरं वाक्य वाचलं, ज्याला भीती वाटत होती त्याने पहिलं. अहवाल दोघांनाही पुरला. केंटच्या मसुद्यासारखाच तो सगळ्यांना मान्य होण्याजोगा होता.

पत्रकार राजकुमार केसवानी यांनी मात्र आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकात १९८२ मध्ये आणि नंतर १९८४ च्या जूनमध्ये ‘जनसत्ता’त, शहर धोक्यात आहे हे कुठल्याही ‘कदाचित’शिवाय लिहिलं. त्याचं वजन पडलं नाही. मूळ दराचा नियम इथेही लागू पडला: शहर गिळणारा अपघात कुणी पाहिलेला नव्हता, म्हणून ठाम शब्दसुद्धा लोकांनी खाली ओढला. १९८२ च्या डिसेंबरात विधानसभेत प्रश्न आला तेव्हा श्रममंत्री तारासिंह वियोगी यांनी कारखान्यात २५ कोटींची गुंतवणूक आहे, तो उचलून दुसरीकडे ठेवायला छोटा दगड नव्हे, आणि भोपाळला धोका नाही, अशा आशयाचं उत्तर दिलं. या वादात दोनच माणसं मोघम शब्दांवाचून बोलली, एक पत्रकार आणि एक मंत्री. विश्वास मंत्र्यांवर बसला.

कारखान्याच्या आत शब्दांचं आणखी वेगळं चाललं होतं. बारीकसारीक गळती नेहमीची होती, इतकी की डोळ्यांना पाणी आलं की वायू सुटलाय, हीच कामगारांची ओळखीची खूण झाली होती. २ डिसेंबरच्या रात्री साडेअकराच्या सुमारास मिथाइल आयसोसायनेटच्या विभागात डोळे चुरचुरायला लागले. कामगारांनी वर कळवलं. गळती आहे, हे बरोबर सांगितलं गेलं आणि बरोबर ऐकलंही गेलं. सव्वाबाराचा चहा झाला की बघू, असं ठरलं. यात कुणी बेफिकीर होता असं म्हणणं सोपं आहे, पण त्या माणसांच्या कानात ‘गळती’ या शब्दाला कित्येक महिन्यांचा अनुभव चिकटला होता, आणि तो अनुभव सांगत होता की गळती म्हणजे चहानंतरचं काम. पावणेएकच्या सुमारास ६१० क्रमांकाच्या टाकीतला दाब चढत होता आणि तिच्यावरचं काँक्रीट थरथरत होतं. टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होतं. शब्द मात्र अजून ‘गळती’च होता.

भोंग्याचंही तेच. बाहेरच्या वस्तीसाठीचा भोंगा एकच्या सुमारास वाजला आणि काही मिनिटांत बंद केला गेला, लोकांत घबराट नको म्हणून. पुन्हा वाजला तो दोननंतर. जे. पी. नगर, छोला, काझी कॅम्प इथल्या लोकांना कारखान्याचे भोंगे सवयीचे होते. सरावाचा भोंगा, पाळीचा भोंगा, लहानसहान बिघाडाचा भोंगा. रोज ऐकू येणाऱ्या इशाऱ्याचा अर्थ रोजच्याइतकाच होतो. वॉलस्टेन यांनी डिसेंबर आणि ऑक्टोबरच्या बर्फाबद्दल जे दाखवलं, ते इथे दोन वर्षं आधी, भोंग्याच्या आवाजात घडून गेलेलं होतं.

पुढे प्रकरण न्यायालयात गेलं. कायदा ‘कदाचित’शी सहसा टक्केवारीने वागत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात आणि २०२४ च्या जुलैपासून त्याच्या जागी आलेल्या साक्ष्य अधिनियमातही, शहाण्या माणसाने धरून चालावं इतका संभव असला की गोष्ट सिद्ध, अशी व्याख्या आहे. शहाणा माणूस किती टक्क्यांवर धरून चालतो, हे मुद्दाम मोकळं ठेवलंय, आणि फौजदारी खटला आणि घरमालक-भाडेकरूचा दावा यांत तो माणूस वेगवेगळा वागतो हेही सगळे मान्य करतात. संदर्भाला कायद्याने दिलेली ही जागा मला शहाणपणाची वाटते. पण भोपाळमध्ये न्यायालयाला एका ठिकाणी आकड्याजवळ यावं लागलं.

१९८९ च्या फेब्रुवारीत ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली तेव्हा मृत्यू सुमारे ३,००० धरले होते. दाव्यांचा निपटारा झाला तेव्हा मृत्यूचे मान्य दावे ५,२९५ निघाले. पण मोजायला सर्वांत अवघड होती ती माणसं, ज्यांनी त्या रात्री वायू श्वासात घेतला होता आणि ज्यांना अजून काहीच होत नव्हतं. त्यांना पुढे त्रास ‘होऊ शकतो’. ३ ऑक्टोबर १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या ‘होऊ शकतो’ची दखल घेतली. अशा किमान एक लाख लोकांचा सरकारी विमा कंपन्यांमार्फत आठ वर्षांचा सामूहिक वैद्यकीय विमा उतरवावा, कुणालाही रकमेची वरची मर्यादा नसावी, असं सांगितलं. मोघम शब्दाला आकडा लावणं ज्याचा रोजचा धंदा आहे त्या विमेवाल्याच्या हाती प्रश्न सोपवण्यात एक चोख व्यवहार होता. हप्ता ठरवायचा तर शंभरात किती जण आजारी पडतील आणि कधी, हे कुणाला तरी कागदावर लिहावं लागलं असतं. ते लिहिलं असतं तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं.

डिसेंबर २०१० मध्ये केंद्र सरकार जास्तीची भरपाई मागायला पुन्हा न्यायालयात गेलं. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १४ मार्च २०२३ रोजी ती याचिका फेटाळली, आणि फेटाळताना सरकारला ऐकवलं की सांगूनही विम्याच्या पॉलिसी काढल्या गेल्या नाहीत, हा घोर निष्काळजीपणा आहे. रिझर्व्ह बँकेकडे पडून असलेले ५० कोटी रुपये उरलेल्या दाव्यांसाठी वापरा, असा आदेश झाला. त्या एक लाख लोकांसाठी ‘होऊ शकतो’चा आकडा अजून कुणी काढलेला नाही.